जो आला नाही त्याचा धडा

त्या शनिवारी वंदनाला खरं तर उशिरापर्यंत लोळायचं होतं. आदल्या संध्याकाळीच ती जालन्याहून वाटूरला आली होती. बरोबर वाचायला दोन जाडजूड पुस्तकं होती आणि धुवायला आठवड्याचे कपडे. पण आईने दिवस उजाडताच पांघरूण ओढलं. शाळेत आज दप्तर न आणायचा शनिवार होता, लेकरांना गोष्ट सांगायला कोणीतरी हवं होतं, आणि घरात एवढी शिकलेली पोरगी लोळत असताना बाहेरचं माणूस कशाला बोलवायचं, असा तिचा सवाल होता. वंदना म्हणाली, मला लहान मुलांशी बोलता येत नाही.

"मोठ्यांशी तरी कुठं येतं?" आई म्हणाली.

बाबा चहा गाळत होते, ते हसले. वंदनाही उठलीच.

आईचं नाव बेबीनंदा हिवाळे. वाटूरपासून आत, शेतांमधल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती पहिली-दुसरीचा वर्ग घ्यायची. शाळा दोनच खोल्यांची. दुसऱ्या खोलीत भागवत सर तिसरी-चौथी घ्यायचे आणि मुख्याध्यापकाचं कामही बघायचे. आई स्कूटी इतकी सावकाश चालवायची की वस्ती जवळ आली की पोरं दोन्ही बाजूंनी बरोबर पळत यायची आणि बाईंशी बोलत बोलत शाळेपर्यंत पोचायची. ऑक्टोबर होता. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती आणि कापसाची पहिली वेचणी चालू होती.

वंदनाने गोष्ट सांगितली, पण ती रंगली नाही. वाचलेली गोष्ट तिने वाचल्यासारखीच सांगितली. मध्येच आर्यन नावाच्या पोराने विचारलं, "ताई, राजाच्या घरी शेळ्या किती होत्या?" गोष्टीत शेळ्या नव्हत्याच. आईने मागून सांगितलं, "सात. त्यातली एक गाभण." मग गोष्ट चालायला लागली.

सुटायच्या आधी आईने रोजच्यासारखं विचारलं, आज कोण आलं नाही. शीतल आली नव्हती. शीतलच्या शेजारची कोण? साक्षी उभी राहिली. दोन वेण्या, एका वेणीची रिबिन सुटलेली. मोजणीसाठी तुराट्यांच्या, तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, दहा-दहाच्या मोळ्या बांधायला या वर्गात तिचा हात कोणी धरत नसे. तिची आई दरवर्षी उसाला, तोडणीला जायची आणि मोळी आवळायचा तो पीळ पोरीने बघून बघून उचलला होता.

साक्षीने आजचा धडा घडाघडा म्हणून दाखवला. राजा, शेळ्या, सगळं. बाईंनी मान डोलावली. आता साक्षी घरी जाताना शीतलकडे जाणार, हा सगळा धडा तिला तोंडी सांगणार, आणि शीतलने दिवसभर काय केलं ते उलट घेऊन येणार. सोमवारी ते वर्गात सांगितलं जाणार. जो आला नाही त्याचा धडा त्याच्या घरी, आणि त्याचं बोलणं वर्गात. आईच्या वर्गाचा हा नेमच होता.

परत येताना वंदना म्हणाली, हे तुमच्या कुठल्याच अभ्यासक्रमात नसेल.

"लेकरू उसाला जातं, आजारी पडतं, ढोरांमागं जातं," आई म्हणाली. "एकदा सुटलं की सुटतंच. पण वर्गात आपलं नाव निघतंय एवढं कळलं ना, की येतं परत."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कपडे धुता धुता आई नळाशी कोसळली. मेंदूत रक्त उतरलं होतं. तिला संभाजीनगरच्या दवाखान्यात हलवलं. डोळे उघडे असायचे, पण ते कशावर ठरत नसत, आणि तोंडातून शब्द फुटत नसे. सोमवारच्या परिपाठाला भागवत सरांनी मुलांना सांगितलं, बाई आजारी आहेत, बऱ्या झाल्या की येतील. त्या दिवशी ते खरंच होतं.

दिवाळीच्या आधी आई दवाखान्यातच संपली.

शाळेला तेव्हा सुट्टी लागली होती. वस्तीवरची काही मोठी माणसं मातीला आली होती. आल्यागेल्याला वंदनाने पाणी दिलं, सतरंज्या घातल्या, उचलल्या. लोक म्हणाले, पोरगी घट्ट आहे. जालन्याहून मैत्रिणींचे फोन आले तेव्हा तिने फोन बाबांच्या हातात दिला. ओळखीच्या कोणी रस्त्यात विचारलं, आई कशी आहे, तर ती मान हलवायची, समोरचा काय ते समजायचा आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. आयुष्यभर तिने पुस्तकं वाचली होती आणि मरणावरची किती तरी पानं तिला पाठ होती. पण ते दोन शब्दांचं साधं वाक्य एकदाही तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

सुट्टी संपता संपता भागवत सर घरी आले. नवीन शिक्षक कधी मिळेल सांगता येत नव्हतं. वंदनाने शिक्षणशास्त्राची पदविका केलेली होती. शाळेच्या समितीकडून तात्पुरतं नेमून घेऊ, सत्र संपेपर्यंत वर्ग सांभाळा, असं त्यांनी विचारलं. जालन्याच्या वाचनालयातली तिची नोकरी तशीही नावापुरतीच होती. ती हो म्हणाली. मग सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि घुटमळत सांगितलं की मुलांना अजून काही बोललेलो नाही, वस्तीवरच्या मोठ्यांनाही बोलू नका म्हटलंय. निम्मा वर्ग आईबापांबरोबर उसाला गेला, उरलेली लेकरं म्हाताऱ्यांपाशी राहिली आहेत, त्यांचं आधीच चित्त थाऱ्यावर नाही. आणखी हे कुठं घालायचं डोक्यात. हळूहळू सांगू.

वंदनाने लगेच मान डोलावली. सांगायचं तिच्यावर येत नव्हतं, याचं तिला बरंच वाटलं.

पहिल्या दिवशी तिने दशक आणि सुटे शिकवले. आईच्या टोपलीत तुराट्यांचे तुकडे होतेच. सुटायची वेळ झाली, तशी मुलं उठेनात. सगळी तिच्याकडे बघत बसली.

"ताई, कोन आलं न्हाई ते इचारा ना," आर्यन म्हणाला.

तिने विचारलं. उसाला गेलेल्यांची नावं वेगळी, त्यांचा धडा ते परत आल्यावर, हे मुलांनीच तिला समजावून सांगितलं. बाकी सगळे आले होते. मग आर्यन म्हणाला, "बाई न्हाई आल्या."

कोणी हसलं नाही. नेमच होता तो. आणि बाईंच्या शेजारी राहणारं वर्गात एकच माणूस होतं, वंदना. साक्षी उठली, फळ्याजवळ आली आणि हाताची घडी घालून तिने वंदनाचाच धडा वंदनाला म्हणून दाखवला. तीन मोळ्या आणि चार सुट्या काड्या म्हणजे चौतीस. दहा सुट्या झाल्या की त्यांना सुट्या ठेवायच्या नाहीत, मोळी बांधायची.

"हे बाईला सांगा," ती म्हणाली. "अन् बाईनं काय केलं दिवसभर, ते उद्या आना."

"आणते," वंदना म्हणाली.

घरी आल्यावर तिने हे बाबांना सांगितलं. भिवा हिवाळे एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, निवृत्त झाल्यापासून त्यांचं बोलणं कमीच झालं होतं आणि आता तर पारच थांबलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "सांग म्हणाव, नवरा चहात साखर कमी घालून राह्यला म्हणून बाई रुसून बसल्यात."

वंदनाला हसू आलं. दवाखान्यापासून पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी तिने ते वर्गात सांगितलं आणि वर्ग खदखदून हसला. बाई तशाच होत्या, सगळ्यांना माहीत होतं.

सत्र असंच सुरू झालं आणि असंच चालू राहिलं. नोव्हेंबरात शंभरापर्यंतचे आकडे झाले. मग जोडाक्षरं आली. ओल्या फडक्यात हरभरा बांधून मोड आणले, रोज एक दाणा फोडून आत काय झालं ते बघितलं. ओढ्याकाठची माती आणून बैल केले, उतरंडी केल्या. वस्तीचा नकाशा अंगणात रांगोळीने काढला. त्यात शाळा, हापसा, मारुतीचा पार, बुद्धविहार आणि ज्याचं त्याचं घर ज्याने त्याने दाखवलं. उसाला गेलेल्यांची घरं कुलूपबंद म्हणून मुलांनी ती नुसती चौकटीची काढली, दार काढलं नाही. खिचडीच्या वेळी वाढपी कोण व्हायचं यावरून भांडणं झाली, मिटली.

आणि रोज सुटायच्या आधी कोणीतरी बाईंचा धडा म्हणून दाखवायचं. वंदनाच्या लक्षात आलं, की आपण धडा आता त्या म्हणण्यासाठी शिकवतो. सकाळी स्कूटीवरून येतानाच ती वाक्यं जुळवायची, मुलांच्या तोंडात बसतील अशी, आईला ऐकायला आवडतील अशी. गोष्टीत शेळ्या आपोआप येऊ लागल्या. संध्याकाळी चहा घेताना बाबा विचारायचे, आज काय होतं? ती सांगायची. मग दोघं मिळून आईचा दिवस तयार करायचे. आज बाईंनी कुरडया वाळत घातल्या आणि कावळ्याला शिव्या दिल्या. आज बाईंना थोडं बरं वाटलं, ओट्यापर्यंत चालल्या. आज विचारत होत्या, आर्यनचं नाक अजून वाहतं का. बाबांना अशी एक-एक गोष्ट सुचायची, की वंदना बघतच राहायची. तेवढा अर्धा तास घरात तिसरं माणूस असायचं.

मुलं वस्तूही धाडू लागली. मातीचे बैल आले, मोडाच्या हरभऱ्याची वाटी आली, चिंचोक्यांचा सारीपाट आला. बाबांनी ते सगळं ओट्यावर ओळीने मांडलं. हरभऱ्याला ते रोज पाणी घालायचे. तो वीतभर वाढला, मग पिवळा पडून लोळला, तरी घालत राहिले.

भागवत सरांनी एकदा विचारलं, मुलांना सांगायचं मनावर घेऊ का? वंदना म्हणाली, परीक्षा होऊ द्या.

जानेवारीत साक्षीचं काहीतरी बिनसलं.

तिची आई दैवशाला आणि बाप दिवाळीनंतर सांगलीकडे कारखान्याला गेले होते. साक्षी आजीपाशी, तुळजाबाईपाशी राहिली होती. सुरुवातीला आईचा फोन आला की ती दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगायची, मायच्या कोपीत, तिथल्या झोपडीत, कुत्रं आलंय, माय म्हनली कारखाना बंद झाला की आलेच. आता ती बोलेनाशी झाली. मोळ्या बांधायला दिल्या तर काड्या नुसत्या हातात धरून बसायची. बाईंचा धडा म्हणायची तिची पाळी आली तर मान हलवायची, मग आर्यन उठायचा. खिचडी ताटात तशीच गार व्हायची. वंदनाने कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. एकदा मात्र, वंदना बाईंचं बोलणं सांगत असताना, तिने साक्षीची नजर पकडली. पोरगी तिच्या तोंडाकडे बघत होती. जादूवाला रुपया कुठून काढतो हे शोधत असल्यासारखी, डोळे न हलवता.

सव्वीस जानेवारीच्या कवायतीनंतर ती यायचीच थांबली. नेमाप्रमाणे मुलं रोज तिचा धडा पोचवून आली. उलट काही आलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहती, एवढंच आर्यनने सांगितलं.

मग एका दुपारी तुळजाबाई स्वतःच शाळेत आल्या. पायरीवर बसल्या, पदराने तोंड पुसलं.

"मास्तरीनबाई, पोरगी खात न्हाई," त्या म्हणाल्या. "मायचा फोन आला तर घेत न्हाई. कानाला लावला तर फेकून देती. म्हनती, ही मपली माय न्हाई, माय मेली, तुमी तिचा आवाज काढून राह्यले."

वंदनाने विचारलं, असं कशावरून म्हणते ती?

तुळजाबाईंनी खोलीकडे बघितलं आणि आवाज उतरवला. चौथीतल्या बबलूने तिला सांगितलं होतं. त्याचे आबा बाईंच्या मातीला गेल्ते. बाई दिवाळीच्या आधीच मेल्या, हे आबांनी घरी सांगितलेलं त्याने ऐकलं होतं. साक्षीने आजीला विचारलं, बाई खरंच मेल्या का? आजी हो म्हणाली, खोटं कशाला बोलायचं.

"तवापासून असंय," तुळजाबाई म्हणाल्या. "म्हनती, बाई मेल्या तरी ताई रोज त्यांचं बोलनं आनती. मंग माय मेली तर तुमी बी आनसाल. मी काय सांगू तिला? मला तर कायच सुचंना."

म्हातारी गेली तरी वंदना पायरीवर उभीच होती. आत आर्यन कोणाला तरी सांगत होता की आज मपली पाळी आहे. पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिला जे दाखवलं होतं त्यावरून तिने बरोबर हिशेब केला होता. मेलेल्या माणसाचे निरोप मोठी माणसं आणतात, हसत आणतात, रोज आणतात. मग जिवंत माणसाचा आवाज तिने कशावरून खरा मानायचा?

त्या संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं. उद्या मी मुलांना सांगणार आहे, म्हणाली. बाबा ओट्याजवळ उभे होते. एका बैलाचं शिंग निखळून पडलं होतं, ते बसतंय का बघत होते.

"सांगायलाच पाह्यजे," ते म्हणाले. त्यांनी शिंग बैलाच्या शेजारी ठेवलं. "मंग उद्यापासून आपण चहाला काय बोलायचं?"

वंदनाने त्यांच्याकडे बघितलं. त्या दिवशी चहा त्यांनी न बोलताच घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सगळा वर्ग घेऊन साक्षीकडे गेली. भागवत सरांना सांगून निघाली होती. ते म्हणाले, मी येऊ का? ती नको म्हणाली. रस्त्यात मुलं खुशीत होती, कारण सगळ्यांनी मिळून धडा पोचवायचा असं आधी कधी झालं नव्हतं. आर्यन पुढे चालत कोणी काय म्हणायचं ते वाटून देत होता.

पत्र्याची एकच खोली. दाराशी शेळी बांधलेली. आत साक्षी वाकळेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. वेण्या घातलेल्या नव्हत्या. ती इतकी बारीक झाली होती की पाठीची हाडं फ्रॉकवरून मोजता आली असती. मुलं दारातच थबकली. आर्यनने म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

ठरल्याप्रमाणे तुळजाबाईंनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. आधी नुसता वारा ऐकू आला, पाचटाची सळसळ, लांब कुठेतरी ट्रॅक्टर. मग दैवशाला बोलली. दम लागलेला होता, फडातून पळत बाजूला आली असावी.

"साक्षे, ये बाई. बोल ना गं. काय झालं मपल्या वाघिनीला?"

साक्षीने दोन्ही कानांवर हात दाबले.

वंदना तिच्या शेजारी जमिनीवर बसली. तिने हात काढायला लावले नाहीत. बसून राहिली. फोनमधून दैवशाला हाका मारत होती आणि मध्येच तिचा आवाज फाटत होता. बऱ्याच वेळाने पोरगी वळली. डोळे कोरडे होते आणि खोल गेले होते. तिने फोनकडे बघितलं नाही, वंदनाच्या तोंडाकडे बघितलं, वर्गात बघायची तसंच.

"ताई," ती म्हणाली, "बाई मेल्या ना?"

दारात मुलं उभी होती. एकीने आर्यनची बाही धरली होती. वंदनाला वाटलं, आता मान हलवावी. मान हलवली की माणसं समजून घेतात, खांद्यावर हात ठेवतात. पण ही पोरगी मान बघत नव्हती.

"हो," वंदना म्हणाली. "बाई दवाखान्यात होत्या ना, तिथंच गेल्या..." तिचं तिलाच ते पटलं नाही. ती थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"त्या मेल्या. दिवाळीच्या आधी. पडल्यापासून त्यांच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. मी इथं रोज जे सांगत होते ते बाईंचं नव्हतं, साक्षी. ते मी आणि माझे बाबा घरी बसून जुळवत होतो. आम्हाला करमत नव्हतं म्हणून. मेलेलं माणूस बोलत नाही. दुसऱ्याच्या तोंडूनही बोलत नाही, फोनवरही बोलत नाही. मी खूप वाट बघितली, ते नाहीच बोलत. ही बोलते आहे, ही तुझी माय आहे. ती उसात आहे."

दारातलं कोणीतरी रडायला लागलं. फोनमधली दैवशाला गप्प झाली होती, पण तिचा श्वास ऐकू येत होता. साक्षी हलली नाही.

"मंग बाई तुमच्या कोन?" तिने विचारलं. तिला माहीत होतं. तरी विचारलं.

"माझी आई," वंदना म्हणाली. "माझी आई मेली."